बालगणिताची वाटचाल : धूळपाटीपासून चिंचोक्यांपर्यंत



स्मरणिकेत आपण बहुधा मोठ्या गोष्टी वाचता. कोणी बोर्डात पहिला आला, कोणी डॉक्टर झाला, कोणी परदेशी गेला. या सर्वांचा आपल्याला अभिमान असावा हे योग्यच आहे. परंतु आज मी आपणास पार खालच्या पायरीवर, पाच-सहा वर्षांच्या मुलाजवळ, घेऊन जाणार आहे. ते मूल नुकतेच शाळेत जाऊ लागले आहे आणि त्याच्यापुढे पाटीवर पाचाचा अंक काढलेला आहे. हा अंक त्याला कसा शिकवावा, एवढाच आजचा प्रश्न. प्रश्न लहान दिसतो. पण त्याला हजार-बाराशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात आपला वाटा मोठा आहे.

आरंभी एक घरची गोष्ट सांगतो. मी दुसरीत असताना मला शंभरापर्यंत अंक तोंडपाठ होते. वडीलधारी मंडळी पाहुण्यांपुढे मला उभे करीत आणि मी धडाधड म्हणून दाखवी. एके दिवशी गुरुजींनी सत्तावीस लिहायला सांगितले. मी ऐटीत ७२ लिहिले. हातावर छडी बसली. पुन्हा लिहिले, पुन्हा ७२. मला मार का बसला हे त्या दिवशी कळले नाही, कारण कानाला आधी ‘सत्ता’ ऐकू आले म्हणून मी आधी सात लिहिला होता. चूक आळशीपणाची नव्हती; पाठांतर पुष्कळ होते, पण सत्तावीस म्हणजे किती, हे मी कधी हाताने मोजलेले नव्हते. घरी आल्यावर आजीने सुपातले चिंचोके पुढे ओतले, दहा-दहाचे दोन ढीग करायला लावले आणि सात सुटे बाजूला ठेवले. त्यानंतर ती चूक माझ्याकडून झाली नाही. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते.

हसनाबाद आणि भोकरदनच्या शिवारातील आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी आजी होऊन गेली असेल. तिने जे केले त्याला आज शिक्षणतज्ज्ञ मोठमोठी नावे देतात. त्या नावांच्या मागे काय आहे ते आता पाहू.

धूळपाटी आणि तख्त

आपल्या देशात मुले फार जुन्या काळापासून धुळीवर गणित शिकली. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अंक काढायचा, चुकला तर तळहाताने पुसायचा. हीच धूळपाटी. तिचा मोठा गुण असा की चूक करण्याची भीती नव्हती. पुसले की पाटी पुन्हा कोरी.

ही भारतीय हिशेबाची रीत नवव्या शतकात बगदादला पोहोचलेली दिसते. खलिफा अल्-मामून याच्या कारकिर्दीत, म्हणजे इ. स. ८१३ ते ८३३ या काळात, तेथे मुहंमद इब्न मूसा अल्-ख्वारिझ्मी हा विद्वान काम करीत होता. त्याने भारतीय अंकांवर ग्रंथ लिहिला. त्याची मूळ अरबी प्रत आज उपलब्ध नाही. युरोपात झालेल्या लॅटिन भाषांतरातून तो जगाला माहीत झाला. ‘अल्गोरिदम’ हा आज संगणकवाल्यांच्या तोंडी असलेला शब्द त्याच्याच नावावरून आला. त्याच्या दुसऱ्या ग्रंथाच्या नावातील ‘अल्-जब्र’ या शब्दावरून बीजगणिताचे ‘अल्जिब्रा’ हे नाव पडले. हा ग्रंथ त्याने नुसत्या विद्वानांसाठी लिहिला नव्हता. वारसाहक्काची वाटणी, व्यापार, जमिनीची मोजणी, कालव्यांची खोदाई अशा रोजच्या व्यवहारांसाठी तो होता. आपल्या संस्कृतमधील ‘शून्य’ अरबीत ‘सिफ्र’ झाले आणि तेथून युरोपात जाऊन ‘झिरो’ झाले.

अरब पंडित धुळीच्या पाटीला ‘तख्त’ म्हणत. आपल्या मुलांच्या ‘तख्ती’चे ते नाव ओळखीचेच आहे. पुढे दमास्कसमध्ये अल्-उक्लीदिसी या गणितज्ञाने इ. स. ९५२-५३ मध्ये भारतीय हिशेबावर ग्रंथ लिहिला. धूळ सोडून शाई आणि कागदावर हिशेब कसा करावा, हे त्यात त्याने दाखविले. म्हणजे साधन बदलण्याचा विचार हजार वर्षांपूर्वीही चालू होता. गणित तेच, पण शिकणाऱ्याच्या हातात काय द्यावे, याची चिंता तेव्हाही होती.

आणखी एक गंमत ऐका. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेल नावाचे एक पाद्री काम पाहत होते. गावठी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवतात हे त्यांनी पाहिले आणि तीच रीत आपल्या शाळेत सुरू केली. थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचे, ही पद्धतही त्यांनी अवलंबिली. १७९७ साली त्यांनी या प्रयोगावर लंडनमध्ये पुस्तक छापले आणि इंग्लंडच्या गरीब मुलांच्या शाळांत वाळूच्या पाट्या आल्या. ज्या धुळीला आपण मागासलेली समजून टाकून दिले, ती साता समुद्रापलीकडे शिक्षण म्हणून गेली!

पाटणची लीलावती आणि आग्ऱ्याचा फैजी

आता आपल्याच मुलखात या. अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडे, चाळीसगावजवळ पाटण हे ठिकाण आहे. तेथील मंदिरात एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला आणि इ. स. १२०७ च्या सुमारास त्याला दाने मिळाली, अशी नोंद त्यात आहे. गणिताच्या अभ्यासासाठी इनाम मिळालेली ही संस्था आपल्यापासून फार दूर नव्हती.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. त्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ हा ग्रंथ पूर्ण केला. त्यातील उदाहरणे कोरडी नाहीत. फुलांवर बसणारे भुंगे, तुटलेल्या हारातले मोती, सापावर झेपावणारा मोर अशी ती आहेत. गणित डोळ्यांपुढे उभे राहिले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी.

या ग्रंथाचे फारसी भाषांतर अकबर बादशहाच्या आज्ञेने त्याच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ साली केले. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी आणि तिच्या लग्नाच्या वेळी घटिकापात्रात मोती पडल्याने मुहूर्त टळला, ही सर्वांना ठाऊक असलेली कथा फैजीच्याच प्रस्तावनेतून प्रसिद्ध झाली. विचार करा : मराठी मुलखातला गणिती, संस्कृत ग्रंथ, मुसलमान कवी, फारसी भाषांतर. विद्येला आपल्याकडे कुंपण नव्हते.

फैजीचा भाऊ अबुल फजल याने ‘ऐने अकबरी’त मुलांच्या शिक्षणाविषयी एक प्रकरण लिहिले आहे. मुलाने प्रत्येक गोष्ट स्वतः समजून घ्यावी आणि शिक्षकाने थोडीच मदत करावी, अशा आशयाचे मत त्यात आहे. शिकाव्या त्या विषयांत हिशेब आणि शेती यांचाही उल्लेख आहे. सोळाव्या शतकातील हा विचार आजच्या कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात शोभेल.

पंतोजींची उजळणी

मग मध्यंतरी काय झाले? पंतोजींच्या शाळेत उजळणी आली. तिसापर्यंतचे पाढे, आणि त्यावर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. आजच्या विद्यार्थ्यांनी यातील शेवटचे नाव ऐकलेही नसेल. औट म्हणजे साडेतीन. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आपले आजोबा ही अपूर्णांकांची उजळणी गात आणि बाजारात दीड पायलीच्या भावाने सहा माणसांचा हिशेब ‘सहा दीडे नऊ’ म्हणून चटकन सांगत.

या पाठांतराला नावे ठेवणे सोपे आहे. मी ठेवणार नाही. त्याला व्यवहाराचा आधार होता. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर. खिशात चवली, पावली, अधेली वाजत असे. पावली म्हणजे रुपयाचा चौथा भाग, हे मुलाच्या मुठीत होते. त्यामुळे पावकी तोंडात आली की तिचा अर्थही हाताला लागत असे. आपल्या भागात तर निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालत होता आणि पलीकडच्या इंग्रजी मुलखात कलदार. दोन नाण्यांतला फरक काढता काढता साधा दुकानदारही पक्का गणिती होई.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत शेर-मण जाऊन किलो आला. बदल चांगलाच होता. दशमान पद्धतीने हिशेब सोपा झाला. परंतु एक गोष्ट नकळत घडली. उजळणीखालचा व्यवहार निघून गेला आणि घोकंपट्टी तेवढी उरली. ३० जून २०११ नंतर तर चार आण्यांचे नाणेही चलनातून गेले. आज मूल दुकानात जाते ते मोबाईल घेऊन. चिल्लर मोजून घेण्याचा प्रसंगही कमी झाला. आजोबांच्या हातात जे आपोआप येत होते, ते नातवाच्या हातात आता मुद्दाम द्यावे लागेल.

वर्ध्याची समिती

हात आणि डोके यांची पुन्हा गाठ घालून देण्याचा मोठा प्रयत्न महाराष्ट्राच्याच भूमीत झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने अभ्यासक्रम तयार करण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन. त्यांचा जन्म १८९७ चा, आणि तोही आपल्या निजामाच्या राजधानीतला, हैदराबादचा. पुढे १९६७ साली ते भारताचे राष्ट्रपती झाले आणि १९६९ साली त्या पदावर असतानाच वारले. आपली मुले त्यांना राष्ट्रपती म्हणून ओळखतात. पण लहान मुलांचा शिक्षक ही त्यांची ओळख त्याहून मोठी आहे. त्यांनी मुलांसाठी गोष्टीही लिहिल्या.

या समितीने सांगितले की गणित हस्तोद्योगाशी आणि जीवनातील खऱ्या प्रसंगांशी जोडून शिकवावे. मूल टकळीवर सूत काते. किती तार झाले ते मोजते. १६० तारांची एक लटी, अशा चार लट्यांची ६४० तारांची एक गुंडी. आज किती, काल किती, फरक किती? बेरीज, वजाबाकी, गुणाकार हे सारे त्या सुतातच आले. अंक पुस्तकातून मुलाच्या अंगावर पडत नव्हते, ते त्याच्या कामातून उगवत होते.

ही नई तालीम सर्वत्र टिकली नाही हे खरे. चरख्याचे नाव राहिले आणि त्यातले गणित पुष्कळ ठिकाणी हरवले. पालकांनाही वाटे की मुलाला शाळेत पाठविले ते सूत कातायला काय! ही शंका आजही निराळ्या रूपाने ऐकू येते, म्हणून ती आपण ध्यानात ठेवू.

कोसबाडची टेकडी

त्याच सुमारास बालवाडीच्या वयातील मुलांसाठी दुसरा प्रवाह येत होता. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांची शाळा काढली आणि पुढे तिला बालोद्यान अशा अर्थाचे ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे ही त्यांची साधने. इटलीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या गरीब वस्तीत बालगृह उघडले. लहानमोठ्या दांड्या, खरखरीत कागदाचे अंक, दहा मण्यांच्या माळा, शंभर मण्यांचा चौकोन, हजार मण्यांचा ठोकळा अशी त्यांची गणिताची साधने होती. मूल हजाराचा ठोकळा उचलते तेव्हा त्याला वजनानेच कळते की हजार हे दहापेक्षा किती मोठे! १९३९ साली बाई भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत त्यांचा मुक्काम येथे झाला.

पण ही साधने महाग होती. गरीब गावाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर दोन मराठी स्त्रियांनी दिले. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ साली ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या होत्या आणि जिद्दीने शिकून शिक्षिका झाल्या होत्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये गेले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री.

त्यांनी केले ते इतकेच : माँटेसरीबाईंचे तत्त्व ठेवले आणि सामान बदलले. मण्यांऐवजी बिया, ठोकळ्यांऐवजी खडे, शिंपले, पाने, काड्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची. अंगणवाडी ही कल्पना याच कामातून रुजली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव खेडोपाडी पोहोचले.

पालकहो, आता माझ्या आजीचे चिंचोके आठवा. कोसबाडला जे विचारपूर्वक झाले तेच तिने उपजत शहाणपणाने केले होते.

आपल्या मुलांची तिहेरी अडचण

आता मी मुद्द्याच्या गाभ्याशी येतो. हाताने मोजण्याची गरज सर्वच मुलांना असते. पण आपल्या मुलांना ती अधिक आहे. असे का?

आपले मूल घरी दखनी-उर्दू बोलते, गल्लीत मराठी बोलते आणि दुकानाच्या पाटीवर, बसवर, मोबाईलवर इंग्रजी अंक पाहते. उर्दू लिपी उजवीकडून डावीकडे चालते, पण त्याच ओळीत संख्या आली की ती डावीकडून उजवीकडे वाचायची. कारण लिपी बदलली तरी अंकांची मांडणी भारतीयच राहिली. उर्दू लिपीतील पाच बदामासारखा गोलसर आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. मराठीत मात्र गोल काढला की ते शून्य. इंग्रजी आठ आणि मराठी चार यांतही लहान मुलाची गल्लत होते. यावर बोलण्याचा उलटा क्रम आहेच. सत्तावीस म्हणा की सत्ताईस, आधी सात ऐकू येतो. अरबीतही एककच आधी बोलतात. इंग्रजीत मात्र दशक आधी. त्यात एकोणतीस आणि उनतीस यांत तर नऊचे नावच नाही. तिसाला एक कमी, असा तो हिशेब.

बोलण्याच्या या क्रमाचा प्रश्न केवळ आपलाच नाही. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची रीत दिली, तेव्हा महाराष्ट्रभर मोठा वाद झाला. कोणाला ती सोपी वाटली, कोणाला भाषेवरचा घाला वाटला. वाद काहीही असो, त्यातून एवढे सर्वांना कळले की सत्तावीसला ७२ लिहिणारे मूल मठ्ठ नसते. त्याच्या कानाची आणि डोळ्याची ओढाताण होत असते.

मग तीन लिप्यांच्या या तिठ्यावर उभ्या असलेल्या मुलाला आधार कशाचा? वस्तूचा. पाच चिंचोके मराठीतही पाचच असतात, उर्दूतही पाच आणि इंग्रजीतही पाच. चिंचोक्याला लिपी नाही. एकदा पाच ही राशी हातात आणि मनात पक्की बसली, की तिला तीन काय, दहा नावे दिली तरी मूल गोंधळत नाही. उलट, राशी कळण्याआधी तीन-तीन आकृत्या त्याच्यावर लादल्या तर ते घाबरते आणि ‘मला गणित येत नाही’ असे एकदा मनात धरून बसते. हे मनात धरणे पहिली-दुसरीत होते. परिणाम मात्र आठवी-नववीत दिसतो, जेव्हा मुलगा शाळा सोडून गॅरेजवर जातो आणि मुलीला घरी बसविण्यास आपल्याला निमित्त मिळते. माझ्या मते आपल्या समाजातील पुष्कळ गळतीचे मूळ त्या पहिल्या पाटीवर आहे.

पेटी कपाटात, मूल बाकावर

सरकारने या बाबतीत काही केले नाही असे म्हणता येणार नाही. १९८७ साली खडू-फळा मोहीम सुरू झाली, तेव्हा शाळांना जे साहित्य द्यायचे ठरले त्यात गणिताची पेटीही होती. २०२१ साली ‘निपुण भारत’ अभियान आले. २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकज्ञान यावे, हे त्याचे उद्दिष्ट ठरले. २०२३ साली एन.सी.ई.आर.टी.ने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ या नावाने खेळणी आणि साहित्याची पेटी तयार केली.

परंतु पेटी आली म्हणजे गणित आले असे नव्हे. मणी हरवतील या भीतीने पेटीला कुलूप लावणारे आपण पाहिले आहेत. त्या शिक्षकाला तरी किती दोष द्यावा? हरवलेल्या मण्याचा जाब विचारला जातो. न समजलेल्या गणिताचा कोणी विचारीत नाही. शिवाय मुले खेळताना दिसली तर आपणच शाळेत जाऊन विचारतो, ‘गुरुजी, शिकवता केव्हा?’ वर्ध्याच्या टकळीच्या वेळी जी शंका होती तीच ही.

घरी काय करावे?

म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो. खर्च नाही, पुस्तक नाही. अम्मी शिकलेली असो वा नसो, तिला हे जमेल. फक्त एक दक्षता घ्या : तीन वर्षांच्या आतील मुलाच्या हाती चिंचोके, मणी, खडे देऊ नका, ते तोंडात घालते.

पहिली गोष्ट. स्विस शास्त्रज्ञ झां पियाजे यांनी केलेली चाचणी आपणही करून पाहा. सहा चिंचोके एका ओळीत आणि समोर सहा तसेच ठेवा. मुलाला विचारा, कोठे जास्त? ते म्हणेल, सारखे. आता एका ओळीतील चिंचोके लांब-लांब सरकवा आणि पुन्हा विचारा. पाच वर्षांचे मूल बहुधा लांब ओळीकडे बोट दाखवील. रागावू नका. राशी पसरली म्हणून वाढत नाही, हे कळण्याचे त्याचे वय यायचे आहे. हात फिरवता फिरवता ते कळेल.

दुसरी गोष्ट. मोजताना एक वस्तू, एक स्पर्श, एक अंक. तोंडाने बारा आणि बोटाने नऊ, असे होऊ देऊ नका. मोजून झाल्यावर विचारा, ‘मग एकूण किती?’ पुन्हा एकपासून मोजू लागले तर समजा की शेवटचा अंक म्हणजे एकूण संख्या, हे अजून बसलेले नाही.

तिसरी गोष्ट. तुराटीच्या किंवा पऱ्हाटीच्या सारख्या काड्या तोडा. दहा झाल्या की दोऱ्याने बांधा. सत्तावीस म्हणजे दोन जुड्या आणि सात सुट्या. आधी मांडणी, मग बोलणे, मग लिहिणे. हा क्रम उलटा करू नका. बत्तीस उणे पाच करताना जुडी सोडावी लागते. ‘हातचा’ म्हणजे काय ते मुलाला त्या सुटलेल्या दोऱ्यात दिसेल.

चौथी गोष्ट. दस्तरखानावर माणसे किती, ताटल्या किती, आणखी किती लागतील, हे मुलाला ठरवू द्या. ईदच्या खजुरा चार भावंडांत वाटायला त्यालाच सांगा. भागाकार त्यातच आहे. थोर मुलांना जकातीचा हिशेब दाखवा : चाळिसावा हिस्सा, म्हणजे शंभरात अडीच. जुनी अडीचकी तेथे अजून जिवंत आहे.

पाचवी गोष्ट. बाजारात मुलाला सोबत न्या आणि दहा-वीस रुपयांचा सौदा त्याच्या हाताने होऊ द्या. मुलीलाही न्या. गणित मुलाचे आणि स्वयंपाक मुलीचा, ही वाटणी कोणत्याही धर्मग्रंथात नाही.

आणि पाढे? पाढे अवश्य पाठ करा. पण सात त्रिक एकवीस म्हणण्याआधी सात-सात खड्यांच्या तीन ओळी एकदा मांडून पाहा. समजून केलेले पाठांतर आयुष्यभर साथ देते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही वरच्या वर्गात असाल तर तुमच्यावरही एक काम आहे. घरातील किंवा शेजारचे एक लहान मूल निवडा आणि रोज पंधरा मिनिटे त्याच्याशी हे खेळ खेळा. मद्रासच्या वाळूत मुले मुलांना शिकवीत होती. तुम्हांलाही ते जमेल, आणि शिकवता शिकवता तुमचेही कच्चे पक्के होईल.

समारोप

१९७३ मध्ये आपल्या भोकरदनला उत्खनन झाले. सातवाहन काळातील भोगवर्धन हे भरभराटीचे गाव त्यातून पुढे आले. मातीतून मणी निघाले, शंखाच्या आणि हस्तिदंताच्या वस्तू निघाल्या. येथे व्यापार होत होता. म्हणजे येथे कोणीतरी मोजत होते आणि मुलांना मोजायला शिकवीत होते. ही भूमी हिशेबाला नवी नाही.

बगदादच्या पंडितापासून झाकिर हुसेन साहेबांपर्यंत ज्या समाजाने गणिताची अशी सेवा केली, त्या समाजाच्या मुलाने सत्तावीसला घाबरून शाळा सोडावी, ही गोष्ट आपण चालू देता कामा नये. मोठ्या इमारती होतील तेव्हा होतील. आज संध्याकाळी घरी गेल्यावर लहानग्याला जवळ बसवा, मूठभर चिंचोके त्याच्यापुढे ओता आणि प्रेमाने विचारा, ‘बेटा, हे किती?’ ते चुकले तर छडी उचलू नका. चिंचोके पुन्हा गोळा करा आणि पुन्हा ओता. इन्शाअल्ला, बाकीची वाट ते मूल स्वतः चालेल.